एपी नावाची शेळी

लातूरला तुम्ही काय शिकवायचात, असं कोणी विचारलं की मी ‘बायोलॉजी’ सांगून मोकळी होते. ते अर्धंच खरं आहे. मी शब्द शिकवायचे, आणि त्यातही माझं नाव झालं ते एकामुळे. तोही पुरता शब्द नव्हे, नुसता उपसर्ग: एपी. ग्रीक आहे. अर्थ ‘वर’. शाळेत जिला कायम शेवटचा बाक हवा असायचा तिने नोकरीची उमेदीची वर्षं ‘वर’ म्हणजे काय ते सांगण्यात घालवावीत, याची मला तेव्हाही गंमत वाटायची. पण ती मी कोणाला बोलून दाखवली नाही. मी बोलून फारसं काही दाखवत नाही. लिहायला सांगितल्यावर हो म्हटलं ते बहुधा त्यामुळेच.

आमचं घर नांदेडचं. अब्बांचं चष्म्यांचं दुकान आहे, त्यांच्या अब्बांचंही तेच होतं. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं. घरात दखनी, शाळेत इंग्रजी, रस्त्यावर मराठी. तिन्ही भाषा येत होत्या आणि तिन्हींत मी गप्प असायचे. बी.एस्सी. झाल्यावर लातूरची खाला म्हणाली, इकडे ये, क्लासवाल्यांना माणसं पुरत नाहीत. अम्मीला काळजी पडली. “बच्ची मूं खोलती नई, पढाएगी क्या?” अब्बा म्हणाले, “पैले जाने तो दे.”

मुलाखत क्लासच्या मालकांनी घेतली. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. पूर्वी ते फिजिक्स शिकवायचे, आता मुख्यतः पालकांशी बोलायचे. “इंग्लिश मीडियम ना?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. “बास झालं. आपली लेकरं हुशार हायत मॅडम. इंग्रजी शब्दाला अडकून मरत्यात.” अशा रीतीने एकही शब्द न उच्चारता माझी शब्द शिकवायला नेमणूक झाली.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा थोडा समजावून सांगायला हवा. हिमायतनगर, देगलूर, औसा अशा ठिकाणची मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकतात आणि डॉक्टर व्हायला लातूरला येतात. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं पुस्तक इंग्रजीत. एका पानावर एपिडर्मिस, दुसऱ्यावर एपिग्लॉटिस, तिसऱ्यावर एपिनेफ्रिन. मुलं प्रत्येक शब्द वेगळा पाठ करायची, एसटीच्या फलकावरची अनोळखी गावं पाठ करावीत तशी. माझं काम त्यांना शब्द उघडून दाखवण्याचं. डर्मिस म्हणजे कातडी, तिच्या वरचा थर तो एपिडर्मिस. ग्लॉटिस म्हणजे श्वासनलिकेचं तोंड, त्याच्यावरचं झाकण एपिग्लॉटिस. घास गिळताना ते मिटतं म्हणून आपण रोज जेवूनही जिवंत राहतो. नेफ्रॉस म्हणजे मूत्रपिंड. त्याच्यावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते, ती घाबरल्यावर जे रसायन रक्तात सोडते ते एपिनेफ्रिन. दहावीच्या मराठी पुस्तकात त्याच ग्रंथीला अधिवृक्क म्हटलेलं होतं. ‘अधि’ म्हणजे वर, ‘वृक्क’ म्हणजे मूत्रपिंड, हिशेब तोच. पण मुलांनी तोही शब्द नुसता पाठ केला होता. संस्कृत त्यांना ग्रीकइतकंच लांबचं होतं.

पहिल्याच तासाला मी हे सगळं जमिनीकडे बघत सांगितलं. मुलांनी निमूट उतरवून घेतलं. मग देगलूरच्या एका मुलाने हात वर केला. “मॅडम, समजलं. आमच्याकडं तेलुगूत वर म्हणायला पैन म्हणतेत. पण ह्याचा फंडा काय?”

फंडा म्हणजे लक्षात ठेवायची युक्ती. लातूरमध्ये अर्थ सांगितला तरी फंडा वेगळा द्यावा लागतो. तो माझ्याकडे नव्हता. दारातून मोठे सर ऐकत होते. ते आत आले, माझ्या हातातला खडू घेतला आणि फळ्यावर चार पायांचं काहीतरी काढलं. “ही एपी. शेळी हाय. शेळीची सवय काय? दिसंल त्याच्यावर चढायचं. कातडीवर चढली, एपिडर्मिस. किडनीवर चढली, एपिनेफ्रिन. झालं पाठ?”

झालं होतं. दोन हजार वर्षं जुन्या भाषेला जे जमलं नाही ते शेळीने एका मिनिटात केलं. मला राग यायला हवा होता. पण पुढच्या आठवड्यात मीच फळ्यावर शेळी काढत होते. फक्त कधीकधी ती अडचणीत आणायची. एपिफाइट म्हणजे झाडावर वाढणारी पण झाडाचं काही न खाणारी वनस्पती. बांडगूळ खातं, ही खात नाही, फक्त बसते. हे सांगितल्यावर मागून आवाज आला, “मॅडम, शेळी झाडावर चढली आन् पाला खाल्ला न्हाई, हे काही पटंना.” एपिडिडिमिस हा पुरुषाच्या शरीरातला भाग आला तेव्हा शेळी कुठे चढली ते मला सांगता येईना आणि वर्गालाही विचारता येईना. तो तास आम्ही सगळ्यांनी वहीत डोकं घालून काढला.

मला मुलं मागे ‘शेळी मॅडम’ म्हणतात हे जिन्यात ऐकलं. माझा स्वभाव बघता नाव चुकलं नव्हतं.

आता इमारतीबद्दल. आमचा क्लास म्हणजे तळमजला आणि वर चार मजले असा होता आणि तो मार्कांप्रमाणे भरलेला होता. तळमजला मुळात पार्किंगसाठी ठेवलेला, तिथे भिंती घालून सगळ्यात कमी मार्कांची बॅच बसवली होती. तिचं नाव ‘अंकुर’. जसे मार्क वाढतील तसं वर जायचं, आणि चौथ्या मजल्यावर ‘शिखर’. रविवारी परीक्षा, सोमवारी सकाळी नव्या जागा. त्या दिवशी जिन्यात अर्धी मुलं दप्तर घेऊन वर चढत असायची आणि अर्धी खाली उतरत असायची, एकमेकांकडे न बघता. गावाला ही गोष्ट इतकी सवयीची झाली होती की रसवंतीवालासुद्धा पोराला नाव विचारायच्या आधी मजला विचारायचा. चांगले शिक्षक शिखरला. तळमजल्याला आमच्यासारखे शिकाऊ. मोठ्या सरांचं म्हणणं, मुलाला वर चढायची भूक लागली पाहिजे. भूक लागते हे खरं. खाली जेवायला काय वाढलं जातं ते कोणी विचारत नव्हतं.

अंकिता तळमजल्यावरची. औसा तालुक्यातल्या एका गावाची. म्हणजे त्र्याण्णवच्या भूकंपानंतर सरकारने दुसरीकडे नव्याने वसवलेल्या गावाची. सडसडीत, घट्ट दोन वेण्या, दाराजवळचा बाक. तिची ओळख झाली ती वांग्याच्या फुलांमुळे. पाकळीला चिकटून पुंकेसर असले की त्याला एपिपेटलस म्हणतात. पेटल म्हणजे पाकळी, तिच्यावर बसलेला. पुस्तकात उदाहरण वांग्याचं आहे. मी सहज म्हटलं, कोणी फूल पाहिलंय का? सगळ्या वर्गाच्या शेतात वांगी होती आणि फुलाकडे बघायला वेळ कोणालाच मिळाला नव्हता. सोमवारी अंकिताने टिफिनच्या वरच्या खणात जांभळी फुलं आणली. एक पाकळी हळूच ओढली. पुंकेसर सोबतच आला.

“बघा मॅडम. सुटतच न्हाई. शेळी लई हट्टी हाय.”

त्या दिवसापासून मी तिच्याकडे बघून शिकवू लागले. लाजाळू शिक्षकाला वर्गात एक तरी चेहरा लागतो.

एपिसेंटर हा शब्द मी घेतला तो हाच चेहरा समोर असताना, आणि जराही विचार न करता. मी नांदेडची, भूकंपानंतर जन्मलेली. माझ्यासाठी ते सोपं उदाहरण होतं. फळ्यावर जमिनीची रेघ काढली, खाली खोल एक ठिपका, जिथे खडक सरकतो ते केंद्र. त्याच्या बरोबर वर जमिनीवर दुसरा ठिपका. केंद्राच्या वर ते एपिसेंटर. वर्गात फंडा कोणी मागितला नाही. वह्यांचा आवाज थांबला. मग लक्षात आलं, समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी त्या ठिपक्याचं काहीतरी आहे.

तास संपल्यावर अंकिता फळा पुसायला थांबली. “मॅडम, तुमचं चित्र बरोबर हाय. सरकतंय खाली, आन् नाव होतंय वरच्या गावाचं.” आणि तिने आधी खालचा ठिपका पुसला.

ती मला जे तोंडी सांगायची त्यात चूक नसायची. मी तळमजल्याच्या डाउट काउंटरवर बसायचे, म्हणजे अडलेलं विचारायला मुलं येतात त्या टेबलाशी. तिथे माझ्या आधी तीच इतरांना उत्तरं द्यायची. फिजिक्ससुद्धा. तरी रविवारी तिचे मार्क कायम पहिल्या मजल्याच्या खाली राहायचे. थोडेच खाली, पण खाली. मला आधी वाटलं, परीक्षेची भीती असेल. मग आणखी एक पाहिलं. माझे शब्दांचे तक्ते चौथ्या मजल्यावरच्या कपाटात असायचे. अंकिताला आणायला सांगितलं की ती हो म्हणायची आणि दुसऱ्या कोणाला तरी पाठवायची. कधी पाय मुरगळलेला, कधी शेजारणीचंच वर काम असलेलं. सगळ्या लातूरला ज्या जिन्यावर चढायचं होतं त्यावर ही मुलगी पाऊल ठेवत नव्हती.

दिवाळी जवळ आली. दिवाळीनंतर बॅचा पक्क्या होतात, मग वर-खाली बंद. एका दुपारी काउंटरवर कोणी नव्हतं. मी विचारलं, “तू मुद्दाम सोडतेस ना प्रश्न?”

तिने बराच वेळ पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. “आप्पांनी शपथ घातलीय मॅडम.”

आप्पा म्हणजे तिचे वडील. भूकंप झाला तेव्हा ते पोरवयात होते. “आप्पा दारात झोपले हुते म्हणून निघाले. आतले जे हुते…” ते वाक्य तिने तिथेच ठेवलं. “आजबी अंगणात झोपत्यात. मला शिकू द्यायला तयार झाले, पण म्हणले, दार दिसंल तिथंच बसायचं. जिना चढायचा न्हाई. चढलीस असं कळलं की त्या दिवशी घरी. इथं हा खालचा वर्ग बघून गेले, दार मोजलं, मग हो म्हणले.”

“तुझे मार्क बघून त्यांना काही वाटत नाही?”

ती हसली. “गावात सगळ्यांचे बाप सांगत्यात पोरगं कितव्या मजल्यावर गेलं. आमचे आप्पा सांगत्यात, पोरगी आजून खालीच हाय, देवाची कृपा.” मग ती म्हणाली, “तुम्ही ते एपिनेफ्रिन शिकवलं ना, घाबरल्यावर सुटतंय ते. आप्पांचं सुटलंय ते बंदच झालं न्हाई. खोटं कसं बोलू त्यांच्याशी?”

म्हणजे वर गेली तर शिक्षण बंद, खाली राहिली तर शिकवणारे आम्ही. मी तिला खरं ते सांगितलं: तळमजल्यावर निम्मासुद्धा अभ्यासक्रम होत नाही. ती म्हणाली, माहीत आहे.

मोठ्या सरांच्या केबिनमध्ये मी पगाराच्या कामासाठीसुद्धा कधी आपणहून गेले नव्हते. त्या दिवशी गेले. सगळं ऐकून ते म्हणाले, “बोलवा त्यांना. समजावून सांगू. पालक समजावण्यात तर आपली हयात गेली.”

आप्पा सोमवारी आले. पांढरा सदरा, पायजमा, हातात कापडी पिशवी. माणूस केबिनमध्ये आला की भिंतीवरचे गुणवंतांचे फोटो बघतो. हे दार बघत होते, आणि खुर्ची ओढून त्यांनी ती दाराच्या उंबऱ्याशीच लावली.

सर म्हणाले, “आप्पा, तुमच्या पोरीत दम हाय. शिखरला टाकू.”

“शिखर कुठं हाय?”

“चौथ्या मजल्यावर.”

“मग ऱ्हाऊ द्या.”

“आहो, इंजिनिअरकडून बांधून घेतलंय. भूकंपाचा विचार करूनच कॉलम टाकलेत. आन् खरं सांगू का? खालच्या वर्गाच्या डोक्यावर पाच स्लॅब हायत, वरच्याच्या डोक्यावर एकच. हिशेबानं बघितलं तर वर जास्त बरं.”

आप्पांनी छताकडे पाहिलं. हा हिशेब त्यांनी बहुधा आधीच करून ठेवला होता. “डोक्यावर काय हाय ते कुणाच्या हातात न्हाई सर. दार किती लांब हाय, ते हातात हाय.”

“एकदा वर येऊन तर बघा.”

ते उठले, जिन्यापर्यंत आले. कठडा धरून पहिल्या वळणापर्यंत चढले आणि थांबले.  अंकिता खालून बघत होती. त्यांनी कपाळ पुसलं, सावकाश उतरले आणि अगदी साधेपणाने म्हणाले, “सर, तुमच्या चांगल्या मास्तरांचे पाय तर धड हायत ना? मग त्येंनाच खाली येऊ द्या की.”

सर मोठ्याने हसले. शिखर बॅच पार्किंगमध्ये. लोक काय म्हणतील, असं ते हसता हसता म्हणाले. आप्पांनी पिशवी उचलली. अंकिताने दप्तर उचललं नव्हतं, पण तिचा हात त्याच्यावर होता.

तेव्हा मी बोलले. का बोलले ते अजून नीट सांगता येत नाही. पण काय बोलले ते चांगलं आठवतं, कारण ते माझ्या स्वभावाच्या पार उलट होतं. मी म्हटलं, “सर, शिखर बॅच चौथ्या मजल्यावर कोणालाच दिसत नाही.”

सरांचं हसू थांबलं.

“रस्त्यावरून येणाऱ्या पालकांना तळमजला दिसतो. म्हणजे आपली सगळ्यात कच्ची मुलं दिसतात. समोर काच लावली आणि शिखर तिथे बसवली तर जाणारा येणारा आपले टॉपर बघेल.”

सर माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले, जणू टेबलखुर्चीने तोंड उघडलं. मग त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. “पूर्ण काच?” ते म्हणाले.

“पूर्ण. आणि दार उघडं.” हे मी आप्पांकडे बघून म्हटलं.

दिवाळीच्या सुट्टीत काच बसली. सुट्टीनंतर शिखर खाली आली, नावासकट. बॅचा पक्क्या करणाऱ्या रविवारच्या परीक्षेत अंकिताने पहिल्यांदा सगळे प्रश्न सोडवले आणि दाराजवळचा तिचा बाक तिला सोडावाच लागला नाही. चांगले मास्तर खाली येऊ लागले आणि त्यांना काही झालं नाही. पालक काचेसमोर थांबू लागले. पेढ्यांच्या दुकानात बघतात तसे बघत, “पहिल्या रांगेतली ती कोण?” असं विचारत. माझ्यासारखीला अशा प्रसंगाच्या नुसत्या कल्पनेने घाम फुटतो, आणि तो मीच चाळीस मुलांवर आणला होता. एक मुलगा सगळा तास पाठ रस्त्याकडे करून बसायचा. त्याला मी कधी काही बोलले नाही. उन्हाळ्याच्या आत गल्लीतल्या बाकी क्लासनीही काचा बसवल्या. लातूरमध्ये आता ‘खालच्या बॅचला’ नंबर लागला की लोक पेढे वाटू लागले.

एका दगडात दोन पक्षी मारल्याचा आनंद मला फार दिवस टिकवता आला नाही. कारण जागा बदलली तरी इमारत तेवढीच होती. शिखर खाली आली तशी अंकुर वर गेली, चौथ्या मजल्यावर. सगळ्यात कच्ची मुलं आता सगळ्यात जास्त चढायची, आणि त्यांच्यासोबत मी. शब्दांचा तास कच्च्यांसाठीच होता ना. एपी म्हणजे वर हे शिकवायला धापा टाकत चौथ्या मजल्यावर जाणारी मी लातूरमधली एकटीच असेन. मुलं म्हणायची, “शेळी चढली बघा.”

धक्का बसला तो दुपारचा. मोठा नव्हता, पेपरात दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी आल्या. आधी जमिनीतून ट्रक गेल्यासारखा आवाज, मग खिडकीच्या काचा, मग फळ्यावरचा डस्टर आपोआप खाली पडला. क्षणभर सगळे डस्टरकडे बघत राहिले. मग सगळा मजला एकदम जिन्याकडे. जिना एकच. तिसऱ्या मजल्याची मुलं त्यात आधीच भरली होती, दुसऱ्याची त्याच्या खाली. आम्ही वर उभेच. पुढे सरकायला जागा नव्हती. एक मुलगी माझी ओढणी घट्ट धरून होती, आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? नेफ्रॉस म्हणजे मूत्रपिंड.

आम्ही रस्त्यावर पोचलो तेव्हा शिखर बॅच केव्हाची बाहेर येऊन पलीकडच्या फुटपाथवर रांगेत उभी होती. कोणाला काही लागलं नव्हतं. जिन्यात दोघांच्या चपला गेल्या होत्या, एवढंच. अंकिता मात्र फुटपाथवर नव्हती. ती क्लासच्या दाराशी दाराचं पान पाठीने दाबून उभी होती, म्हणजे ते मिटू नये. माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्ही शेवटी कशा आलाव मॅडम?”

मी म्हटलं, “आम्ही वर होतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आले, आणि या वेळी हातात दोन रिकाम्या पिशव्या होत्या. सामान न्यायला आले होते, हे सांगायची गरज नव्हती. अंकिता काचेच्या आड बसून होती, वहीत बघत, पान न उलटता. परीक्षा तोंडावर आली होती. मी डाउट काउंटरवरून उठून बाहेर गेले आणि सांगितलं की ती सगळ्यात आधी बाहेर पडली, दार जवळ होतं, तुमचं म्हणणं बरोबर निघालं. तिला नेऊ नका.

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग विचारलं, “तुम्ही कुठं हुता मॅडम?”

“चौथ्या मजल्यावर.”

“एकट्या?”

“नाही. मुलं होती. अंकुरची. कच्ची बॅच.”

“आन् जिना त्यो एकच?”

मी हो म्हटलं. आप्पा वर बघत राहिले, चौथ्या मजल्याच्या खिडक्यांकडे. तिथे तेव्हा मुलं दप्तरं ठेवत होती.

“त्या लेकरांना बाप न्हाईत का?”

  त्यांच्या मुलीसाठी मी दार मिळवलं होतं, आणि ते कोणाचं तरी काढून दिलं होतं. त्यांना ते एका नजरेत दिसलं. मला शेवटून उतरतानाही दिसलं नव्हतं.

“दाखवा,” ते म्हणाले, आणि जिन्याकडे वळले. पहिलं वळण आलं, तिथे ते मागच्या खेपेला थांबले होते. या वेळीही थांबले. भिंतीला हात लावला. मग हात न काढता, भिंत धरूनच, चढत राहिले. चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. मुलं उठून उभी राहिली. आप्पांनी वर्गाला एक फेरी मारली, मागच्या बाजूची मोठी खिडकी उघडली, खाली वाकून पाहिलं. मग उतरले आणि मोठ्या सरांच्या केबिनच्या दारात उभे राहिले.

“मागच्या बाजूनं जिना टाका. लोखंडी चालंल.”

सर म्हणाले, “बघू, या वर्षी…”

“बघा. तोवर मी हितंच हाय.”

आणि ते खरंच राहिले. दोन्ही पिशव्यांची घडी करून त्यांनी पायरीवर अंथरली आणि काचेशेजारी बसले. प्रवेशाची चौकशी करायला पालक येत. ते काचेतून टॉपर बघत, आणि खालून आवाज येई, “लेकरं नंतर बघा हो. जिने किती हायत ते आधी इचारा.” हे इतक्या सभ्यपणे चालायचं की सरांना त्यांना उठवताही येईना. रात्री ते मुक्कामाला ओळखीच्यांच्या अंगणात जायचे, सकाळी क्लास उघडायच्या आधी हजर. अंकिताला कोणी घरी नेलं नाही. तिला न्यायला आलेल्या माणसाला आता दुसरं काम लागलं होतं. ती काचेच्या आत अभ्यास करायची, आप्पा बाहेर.

वेल्डिंगवाले आले तेव्हा सर त्यांना म्हणाले, “आता तरी उठा आप्पा.” आप्पा म्हणाले, “शेवटची पायरी बसू द्या.”

पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत त्या लोखंडी जिन्याचा मोठा फोटो होता आणि वर लिहिलं होतं की विद्यार्थ्यांची सुरक्षितता ही आमच्या संचालकांची पहिल्यापासूनची दृष्टी. त्यात खोटं एवढंच होतं की दृष्टी दुसऱ्याची होती. गल्लीतल्या काहींनी जिने टाकले, काहींनी नुसते फोटो.

मी नंतर नांदेडला परत आले. आता ऑनलाइन शिकवते. कोणी मला बघत नाही, हे बरं आहे. शेळी अजून आहे. अंकिताला मेडिकलला प्रवेश मिळाला. तिच्या निकालाचं श्रेय मोठे सर काचेला देतात, अम्मी माझ्या दुआला, आणि मी कोणालाच देत नाही, कारण अभ्यास तिने केला होता.

तिचं कॉलेज दूरच्या शहरात आहे. मुलींचं वसतिगृह सहा मजली, तिची खोली पाचव्या मजल्यावर. हे तिने मला फोनवर सांगितलं. आप्पा तिला सोडायला स्वतः गेले होते. मग एक अनोळखी नंबर वाजला. असे फोन मी सहसा उचलत नाही. तो उचलला.

मागे मोटारींचा आवाज होता आणि धाप लागलेली होती.

“मॅडम, अंकिताचा बाप बोलतोय. वरपतूर जाऊन आलो.” थोडा श्वास घेतला. “दोन जिने हायत. दुसऱ्याला कुलूप हुतं, ते काढाय लावलंय.”